दोनवरचा उजेड

चौकटवाल्याने तो प्रश्न विचारला तो अगदी सहज. सकाळी नऊलाच तो आला होता. चोवीस चित्रांची मापे घ्यायची, प्रत्येकाच्या पाठीवर खडूने क्रमांक घालायचा आणि लाकडाची छटा ठरवायची, एवढेच त्याचे काम होते. काम करताना तो स्वतःशी गुणगुणत होता आणि चित्रांविषयी अवाक्षरही काढत नव्हता, ही गोष्ट चित्रकारांना मनोमन आवडली होती. एकोणिसाव्या चित्राला फीत लावून तो थांबला. त्याने चित्राकडे पाहिले, मान वळवून खिडकीकडे पाहिले, पुन्हा चित्राकडे पाहिले आणि दातांत धरलेली पेन्सिल कानावर ठेवून म्हणाला, "साहेब, आधी तुम्ही दुसऱ्या खोलीत बसायचात का हो?" असे का वाटले म्हणून चित्रकारांनी विचारले, तेव्हा त्याने समजावून सांगितले. खुर्ची हीच, भिंत हीच, कपाटाची कोपरा उडालेली ती कडसुद्धा हीच. पण खिडकी चित्र काढणाऱ्याच्या उजव्या हाताला, आणि चित्रांत मात्र उजेड येतो तो डावीकडून. एका नव्हे, सगळ्याच चित्रांत. चौकटीची कोणती कड उजळ ठेवायची आणि कोणती मंद, हे त्याला उजेड पाहूनच ठरवावे लागे, म्हणून ध्यानात आले. एरवी चित्रातले त्याला काय कळते. "हो," चित्रकार म्हणाले, "आधी दुसरी खोली होती." चौकटवाल्याचे समाधान झाले आणि तो विसाव्या चित्राकडे वळला. स्वयंपाकघराच्या दारात मटार सोलत बसलेल्या पत्नीचे हात क्षणभर थांबले आणि पुन्हा चालू लागले. या घरात ती दोघे चौतीस वर्षे राहत होती, आणि या चौतीस वर्षांत चित्रकारांनी रविवारचा कुंचला या खोलीवाचून अन्यत्र कोठेही हाती धरला नव्हता.

तो गेल्यावर चित्रकारांनी भिंतीला टेकवलेली चित्रे एकेक करून पाहिली. पाहिली म्हणजे काय, ती त्यांना पाठ होती. पण आज ती परक्या माणसाच्या डोळ्यांनी पाहावी लागत होती, आणि तो परका माणूस बरोबर होता. स्टुलावरचे पाण्याचे भांडे: उजेड डावीकडून. शिवत बसलेली पत्नी: उजेड डावीकडून. रिकामी खुर्ची, खुर्चीवर टाकलेला कोट, इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग, जिन्यावर सापडलेला आणि तीन दिवस घरी राहून निघून गेलेला बोका: डावीकडून, डावीकडून. त्यांनी मान वळवली. खिडकी उजवीकडे होती. ती कालही तेथेच होती. सकाळचे ऊन तिच्यातून तिरपे आत येऊन फरशीवर पडले होते, आणि खुर्चीची सावली डाव्या भिंतीकडे लांबत गेली होती. उजव्या हाताने काम करणारा माणूस खिडकी नेहमी डाव्या हाताला ठेवतो, नाहीतर स्वतःच्याच हाताची सावली कागदावर नाचत राहते. पण या खोलीत एकीकडे दार, दुसरीकडे भिंतीत बसवलेले कपाट, त्यामुळे ईझल दुसरीकडे कोठे मावतच नव्हता. हाताची सावली चित्रावर पडते, ही तक्रार ते चौतीस वर्षे दर रविवारी करीत आले होते. सावली डाव्या बाजूला पडते, ती रोज दिसते, तिचा रोज त्रास होतो. आणि त्या सावलीतच बसून त्यांनी उजेड डावीकडून आणला होता. या गोष्टीचे त्यांना हसू आले असते, जर ती दुसऱ्या कोणाची असती.

छापखान्याच्या कलाविभागात ते वयाच्या बाविसाव्या वर्षी लागले तेव्हा तेथे मास्तरांचे राज्य होते. मास्तर म्हणजे कृश बांध्याचे, स्वच्छ हातांचे, कधी आवाज न चढवणारे गृहस्थ. विभागात पाच चित्रकार आणि एक अक्षरे काढणारा, आणि सगळ्यांच्या कामावर त्यांची तांबडी पेन्सिल. साबण, बूट, कुलुपे, औषधाच्या बाटल्या, शिवणयंत्रे, कढया, छत्र्या: जगात जे जे विकले जाते ते ते त्या सहा टेबलांवरून जाई. पहिल्याच आठवड्यात नव्या चित्रकाराने एक किटली काढली. टेबलावर ती जशी होती तशी, मागच्या खिडकीचा उजेड तिच्या पोटावर घेऊन, मोठ्या निष्ठेने. मास्तरांनी ती पुष्कळ वेळ न्याहाळली. मग म्हणाले, "किटली उत्तम आहे. पण ही परगावाहून आलेली दिसते. बाकीच्या मंडळींशी हिचं जमायचं नाही." आणि त्यांनी पानाची मांडणी पुढे केली. एका पानावर चाळीस वस्तू, पाच हातांनी काढलेल्या; प्रत्येकाने आपापल्या खिडकीचा उजेड घेतला तर पान आपसांत भांडेल. म्हणून कागदावर घड्याळाची तबकडी ठेवली आहे असे समजायचे. उजेड दहाच्या आकड्यावरून यावा, सावली चाराकडे पडावी. डोळा वाचताना डावीकडून पानात शिरतो, उजेडानेही त्याच दाराने आत यावे. "उजेड दहावर," एवढे दोनच शब्द मास्तर पुढे वर्षानुवर्षे उच्चारीत आले, आणि त्या दोन शब्दांत विभागाचे सर्व शास्त्र सामावलेले होते.

आणि दुसरे एक वाक्य होते, ते मास्तरांनी फक्त या एका शिष्याला सांगितले. "वस्तूकडे एकदाच बघावं. दुसऱ्यांदा बघितलंस तर तीन तास गेले." शिष्याने ते वचन गुरूपदिष्ट मंत्रासारखे शिरोधार्य मानले. बूट एकदा पाहायचा, त्याची ठेवण मनात उतरवायची, आणि पुढचे सारे हातावर सोपवायचे. हाताला दहाचा उजेड ठाऊक होता. कडा कोठे चमकेल, पोट कोठे गोलावेल, सावली कोठे मऊ होत विरेल, हे हात डोळ्यांना न विचारता करी. दोन वर्षांत त्यांचा वेग असा झाला की अक्षरवाल्याने त्यांचे नाव ‘ताशी तीन’ ठेवले. "ताशी तीन, जरा सावकाश, कागद पेटेल," असे तो म्हणे. कोणी नवा माणूस विभागात आला की अक्षरवाला त्याला हळूच सांगे की ह्यांच्यासमोर फार वेळ उभा राहू नकोस, तुझी किंमत खाली छापून टाकतील. चित्रकारांना त्या नावाचा राग नव्हता. छत्तीस वर्षांत त्यांनी किती वस्तू काढल्या याची गणती नव्हती, पण त्यांतली एकही वस्तू पानावर भांडली नव्हती. मास्तर गेले तेव्हा त्यांच्या टेबलाच्या खणात तांबड्या पेन्सिलींची थोटके निघाली, नखाएवढी झालेली. त्यांतले एक चित्रकारांनी मागून घेतले होते, आणि आजही मास्तरांचे स्मरण झाले की त्यांचे मस्तक आपोआप किंचित लवे. आज तर ते अधिकच लवले. माणसाने ज्याला गुरू मानले त्याने दिलेला शब्द आपण त्याने न सांगितलेल्या ठिकाणीही पाळत आलो, यात गुरूचा दोष कोणता?

कारण रविवार वेगळा, हे चित्रकारांनी स्वतःला प्रथमपासून बजावले होते. छापखान्याचे कुंचले छापखान्यात, घरचे घरी. तेथला शाईचा वास अंगाला लागलेला असे म्हणून रविवारी सकाळी ते स्नान करून, धुतलेला सदरा घालून त्या खोलीत जात आणि दार लोटून घेत. पत्नी शेजारणींना सांगे, "मला एक सवत आहे. बिचारी गरीब आहे, आठवड्यातून एकदाच येते." त्या सहा दिवसांत जे विकायचे ते विकावे, आणि सातव्या दिवशी जे विकायचे नाही त्याच्यासमोर नुसते बसावे, जे आहे ते जसे आहे तसे पाहावे. प्रमाणांमध्ये प्रत्यक्षाला ज्येष्ठपद आहे, अनुमान त्याचे धाकटे भावंड, असे शास्त्रकार सांगतात. चित्रकारांची समजूत अशी होती की आपण सहा दिवस अनुमानावर उपजीविका करतो आणि एक दिवस प्रत्यक्षाची उपासना. त्या समजुतीवर ते जगले होते. प्रदर्शन भरवावे, कोणी नाव घ्यावे, असे त्यांच्या मनातही कधी आले नाही; मागल्या वर्षी भाची घरी आली, तिने चित्रांचे फोटो काढून एका कलादालनाच्या संचालिकाबाईंना दाखवले, आणि त्या बाई स्वतः येऊन दोन तास जमिनीवर बसून राहिल्या तेव्हा ते संकोचून गेले होते. आता पंधरा दिवसांवर प्रदर्शन आले होते. त्याचे नाव ‘एक खोली’ ठेवले होते, आणि त्याच्या पुस्तिकेसाठी बाईंनी लिहिलेला मजकूर टेबलावर पडला होता. शुक्रवारपर्यंत वाचून, खाली सही करून तो परत द्यायचा होता. त्यात दोन वाक्ये होती, जी पहिल्यांदा वाचली तेव्हा चित्रकारांचे डोळे भरून आले होते. ‘चित्रकाराने एका खोलीशी आजन्म इमान राखले आहे. जे समोर होते तेच त्याने पाहिले, आणि जे पाहिले तेच चितारले.’

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी ते फारसे बोलले नाहीत. मनात एकाच चित्राभोवती घिरट्या चालल्या होत्या, आणि तेथे उतरायला धीर होत नव्हता. ते एकोणिसावे चित्र. त्यात त्यांची आई त्या खुर्चीत बसली होती. वीस वर्षांपूर्वी तिला अर्धांगाचा झटका आला, डावी बाजू गेली. चेहऱ्याचा डावा भाग सैल पडून खाली ओघळल्यासारखा झाला, आणि उजवा मात्र जसाच्या तसा, तरतरीत, थोडा मिस्कील राहिला. सकाळचे ऊन याच खोलीत येते म्हणून तिला याच खोलीत ठेवले होते. चार महिने ती या खोलीत होती आणि चार महिने दर रविवारी चित्रकारांनी तिला खुर्चीत बसवून तिचे चित्र काढले होते. ती बसल्या बसल्या बोलत राही. शब्द जड झाले होते, पण थट्टा जड झाली नव्हती. "नाक नीट काढ," ती म्हणे. "नाकावर माझं लग्न ठरलं होतं." कधी म्हणे, झालं का अर्धं, म्हणजे माझ्याएवढं तरी झालं. ते चित्र पाहून संचालिकाबाई सर्वांत जास्त वेळ थांबल्या होत्या. आईच्या उजव्या गालावर उजेड पडला होता, आणि डावा भाग सौम्य, गहिऱ्या छायेत विसावला होता. किती हळुवार आहे हे, त्या म्हणाल्या होत्या. दुःख कसं झाकलंय तुम्ही, आणि झाकूनही ठेवलेलं नाही. चित्रकारांनीही त्या चित्राला आपल्या आयुष्यातले सर्वोत्तम मानले होते. कदाचित एकमेव. आता चौकटवाल्याच्या फितीने त्याला मोजले होते. खिडकी जर उजवीकडे, तर समोर बसलेल्या आईचा डावा गाल उजेडात असणार. तो सैल पडलेला, ओघळलेला गाल भर उन्हात असणार. प्रत्येक रविवारी, चार महिने, तो त्यांच्या समोर लख्ख उजळून उभा होता, आणि त्यांच्या हाताने उजेड उचलून दहावर नेऊन ठेवला होता, साबणाच्या वडीवर ठेवावा तसा. ते हळुवारपण नव्हते. ती सवय होती. वस्तूकडे एकदाच बघावे. आपण आईकडे किती वेळा पाहिले, हा एकच प्रश्न आता त्यांच्यापुढे उरला. आणि त्याचे उत्तर, या खोलीतल्या कोणत्याच चित्रात नव्हते.

बुधवारी सकाळी ते संचालिकाबाईंना भेटायला गेले. बाईंच्या दालनात भिंतींना पांढरा हात मारण्याचे काम चालले होते. शिड्या, पसरलेली वर्तमानपत्रे, ओल्या चुन्याचा थंड वास. त्यांनी उभ्यानेच सर्व सांगितले, मास्तर, दहाचा आकडा, खिडकी, काहीही न लपवता. आणि प्रदर्शन रद्द करायचे असेल तर आपली हरकत नाही, असेही सांगितले. बाई लक्ष देऊन ऐकत होत्या. त्यांचा चेहरा उजळत गेला. रद्द कशाला, त्या म्हणाल्या, ही तर फार मोलाची गोष्ट हाती लागली, हे आपण पुस्तिकेत घालू या. "काका, याचा अर्थ तुम्ही बाहेरचा उजेड नाकारलात. तुम्ही आतला उजेड रंगवलात."

"आतला नव्हे, बाई," चित्रकार म्हणाले. "छापखान्यातला."

त्या हसल्या. फार चांगल्या स्वभावाच्या बाई होत्या, आणि त्यांच्या हसण्यात कोठेही उणेपणा नव्हता. पण चित्रकारांना वाटले की आपण ओझे उतरवायला म्हणून आलो आणि त्यांनी ते ओझे रेशमी फीत बांधून आपल्या हाती परत दिले. घरी परतताना ते पायीच निघाले. अकरा वाजले असतील. रस्त्याच्या कडेला उभ्या सायकलीची सावली त्यांच्या पायांपर्यंत आली होती; फळवाल्याच्या तराजूची सावली दुसऱ्याच दिशेला, समोरच्या काचेवरून उडालेल्या उन्हाने पडलेली; एका बाईच्या हातातल्या छत्रीला तर दोन सावल्या होत्या, एक दाट, एक विरळ, आणि त्या एकमेकींना चुकवीत चालल्या होत्या. कोठलेच पान जुळत नव्हते. सगळे आपापल्या खिडकीचा उजेड घेऊन आले होते आणि तरी कोणी भांडत नव्हते. अडुसष्ट वर्षांचा माणूस भर रस्त्यात सावल्या बघत उभा राहिला, तेव्हा एका रिक्षावाल्याने हॉर्न देऊन, काही हरवलंय का आजोबा, असे विचारले. नाही, ते म्हणाले, आणि बाजूला झाले.

दुपारची जेवणे झाल्यावर पत्नीने ताटे उचलली, ओटा पुसला, हात कोरडे केले आणि समोर येऊन बसली. तिला काही विचारायचे असले की ती प्रथम हात कोरडे करी.

"ती दुसरी खोली कुठली हो?"

चित्रकारांनी पाण्याचा पेला पुढे ओढला.

"नाही, सांगा तरी. चौतीस वर्षं केर मी काढतेय. एखादी खोली राहून गेली असेल तर आज काढून टाकते."

मग त्यांनी तिलाही सांगितले. सकाळी जे सांगितले तेच, पण आता ते सांगताना शब्द तुटत होते. त्यांचे संपल्यावर टेबलावरचा एक मटाराचा दाणा तिने नखाने उचलला, वाटीत टाकला आणि म्हणाली, "मला ठाऊक होतं ते."

"काय ठाऊक होतं?"

"उजेडाचं. नऊ वेळा बसवलंत मला त्या खुर्चीत. दर वेळी माझा डावा गाल तापून लाल व्हायचा, आणि चित्रात बघावं तर उजवा उजळलेला. पहिल्यांदा वाटलं, आरशासारखं उलटं होत असेल. मग वाटलं, तुमच्या शास्त्रात तसं असेल."

"मग बोलली का नाहीस कधी?"

"काय बोलायचं? स्वतःच्या घरातली खिडकी कुठे आहे ते माणसाला माहीत असतं, असं धरून चालले मी."

यावर दोघेही थोडे हसले. पुष्कळ दिवसांचा संसार असला की हसण्याला फारसे कारण लागत नाही. ते हसणे ओसरल्यावर चित्रकारांनी, ज्या एका प्रश्नासाठी ते दोन दिवस गप्प होते तो, खाली मान घालून विचारला: आईच्या लक्षात आले होते का. पत्नीने एकदा त्या खोलीच्या दाराकडे पाहिले, जणू काही परवानगी घ्यायची होती. मग सांगितले की चित्र अर्धे झाले होते तेव्हा, ते कामावर गेले असताना एका दुपारी, आईंनी तिला ते समोर धरायला लावले होते. आई पुष्कळ वेळ पाहत होत्या. तीच बोलून गेली होती की ह्यांनी उजेड भलत्याच बाजूला घेतला आहे, संध्याकाळी सांगते त्यांना.

"तर मला म्हणाल्या, ‘त्याला ह्या बाजूकडे बघवत नसेल गं. नको बघू दे. तू त्याला काही बोलायचं नाहीस.’ शपथच घातली मला. म्हणून नाही बोलले. आज वीस वर्षांनी मोडली."

पत्नी उठून आत गेली. चित्रकार तसेच बसून राहिले. आईने आपल्याला क्षमा केली होती, हे त्यांना कळले. पण ज्या गोष्टीची क्षमा केली ती गोष्ट त्यांनी केलेलीच नव्हती. बघवले नाही म्हणून दृष्टी वळवणे हा मायेचाच एक प्रकार आहे, आणि आईने तो उदारपणे मुलाच्या पदरी घातला. तिला काय ठाऊक की मुलाने दृष्टी वळवलीच नव्हती, ती तेथे गेलीच नव्हती. निर्दयपणाचा आरोप त्यांनी सोसला असता. न मिळवलेली माया त्यांना सोसेना. संध्याकाळ होण्यापूर्वी त्यांनी संचालिकाबाईंचा मजकूर पुढे ओढला, दुसऱ्या वाक्यावर सावकाश एक रेघ मारली, पहिले राहू दिले, कारण इमानाविषयी त्यांच्या मनात अजूनही संदेह नव्हता; आणि सही न करता तो कागद पुन्हा ठेवून दिला. त्यांनी मनाशी एक निश्चय केला होता. उद्या सकाळी खुर्ची जागेवर ठेवायची, कागद लावायचा, आणि उजेड दोनवर घेऊन, जेथून तो खरोखर येत होता तेथून घेऊन, आईच्या चेहऱ्याची डावी बाजू काढायची. ती आठवली, तर एकोणिसावे चित्र प्रदर्शनात जाईल. नाही आठवली, तर आपण आपल्या आईला पाहिलेच नाही. मग तिचे चित्र लोकांपुढे टांगण्याचा आपल्याला अधिकार नाही, आणि ती भिंत रिकामी राहील.

गुरुवारी साडेसातला ऊन खोलीत उतरले. चित्रकारांनी स्नान केले होते, धुतलेला सदरा घातला होता, गुरुवार असूनही. खुर्ची खुणेवर ठेवली, कागद लावला, कोळशाची कांडी घेतली आणि आईला समोर बसवण्याचा प्रयत्न केला. पहिल्या पाच मिनिटांत हाताने सावली उजवीकडे घातली होती. त्यांनी ती पुसली. दुसऱ्यांदा कपाळापासून आरंभ केला, सावली मनगट धरून डावीकडे नेली. पण चेहरा म्हणून जे समोर येत होते ती आई नव्हती, ते एकोणिसावे चित्र होते. डोळे मिटले की तेच. उजवा गाल उजळ, डावा छायेत, स्वतःच्याच हाताने लावलेला रंग आईच्या पुढे येऊन उभा राही आणि बाजूला हो म्हटले तरी होत नसे. डावी पापणी किती उतरली होती? गालाची घडी नाकपुडीपासून निघत होती की तिच्या खालून? ठाऊक नाही. ते शोधत होते तेथे नुसता गहिरा, सौम्य, कौतुक झालेला रंग होता. नऊ वाजले. ऊन खुर्चीच्या पाठीवर आले. कागदावर एक काळपट, अनोळखी चेहरा जमला होता, कोणाही म्हातारीचा, विकत मिळावा तसा. त्यांना हे कळून चुकले की आता यापुढे काही येणार नाही, आणि ते कळल्यावर मन आश्चर्यकारक रीतीने शांत झाले. कांडी त्यांनी फळीवर ठेवली. निदान कागद स्वच्छ करून ठेवावा, या जुन्या शिस्तीने त्यांनी मऊ कापड उचलले, बोटाला गुंडाळले आणि ओठाच्या कोपऱ्यावर साचलेला कोळसा टिपायला हात पुढे नेला.

हात तेथे थबकला नाही. तो खालून वर गेला, हनुवटीपासून ओठाच्या कोपऱ्याकडे, अगदी हलका, शेवटी किंचित दाबून. कारण वरून खाली पुसले की सैल ओठ ओढला जाई आणि आईला ते आवडत नसे. सकाळचे भरवणे त्यांच्याकडे असे. दिवसभर पत्नी होती, पण छापखान्यात जाण्यापूर्वी आठ वाजता चमचाभर चमचाभर पेज त्यांनी भरवायची, आणि प्रत्येक चमच्यानंतर डाव्या कोपऱ्यातून एक बारीक ओघळ येई तो टिपायचा. एक हात गालाखाली धरावा लागे. त्या गालाचे वजन बोटांना कळत होते, झोपलेल्या लेकराच्या मुठीसारखे उबदार, आणि काहीच न मागणारे. घडी नाकपुडीच्या खालून निघत होती; तिच्यात अन्नाचा कण अडके म्हणून ती दोन बोटांनी उघडावी लागे. पापणी बाहेरच्या टोकाला अधिक उतरली होती आणि तिच्या कडेला आतला लालसर ओलावा दिसे, तो कापडाच्या कोरड्या टोकाने आतल्या दिशेने टिपायचा. हनुवटीवर एक राठ केस होता, तो तिला आता स्वतःला उपटता येत नव्हता आणि सांगायला ती लाजत होती. त्यांनी एके सकाळी न बोलता चिमट्याने काढला होता. हे सर्व भर उन्हात. आठ वाजता ऊन नेमके त्या बाजूवर असे. वीतभर अंतरावरून, रोज, चार महिने, त्यांनी तो गाल पाहिला होता. पण तेव्हा त्यांच्या हातात कुंचला नव्हता, म्हणून ते पाहणे त्यांनी पाहण्यात धरलेच नव्हते.

कांडी पुन्हा हातात आली. यावेळी ते कपाळापासून निघाले नाहीत. ओठाच्या त्या कोपऱ्यापासून निघाले आणि बाहेरच्या दिशेला सरकत गेले, घडी, गाल, पापणी, कानाकडे ओढलेली सुरकुती. उजेड दोनवरून येत होता आणि जे जे ओघळले होते त्या सर्वांवर सारखा पडत होता, कशाचीही भीड न धरता. ताशी तीन काढणाऱ्या हाताला एका चेहऱ्याच्या अर्ध्या भागाला दोन तास लागले. पत्नी केव्हा येऊन मागे उभी राहिली हे त्यांना कळले नाही. ती पुष्कळ वेळ उभी होती. तिने फक्त एवढेच म्हटले, "हं. ह्या त्या."

चित्रकारांनी मागे न पाहता सांगितले की चौकटवाला आला की एकोणीस नंबर त्याला नेऊ दे, आणि बाईंच्या कागदावर सही करायची आहे, पेन आणून ठेव. आणि हे, असे तिने विचारले. हे घरी राहील, ते म्हणाले. ती पेन शोधायला गेली. ऊन आता खुर्चीवरून उतरून फरशीवर आले होते. त्यांनी एकदा कागदाकडे नीट पाहिले, आणि मग दुसऱ्यांदा पाहिले. आणि कापडाची कोरडी बाजू बोटावर घेऊन आईच्या ओठाचा डावा कोपरा खालून वर, हलक्या हाताने, टिपून घेतला.